एकोणचाळिसाव्या पानावरची ओळ

धाकटी : ...एकच पान वाढतंय, दादा. मुखपृष्ठ उलटलं की लगेच. छापखान्यात सांगून आलेय मी, चार वाजेपर्यंत थांबतील ते. मग ते फोन करणार. एकदा दुसरी आवृत्ती यंत्रावर चढली की माझ्या हातात काही राहणार नाही.

दादा : चढू दे की. पहिलीत माझं पान नव्हतं, तरी खपलीच ना?

वहिनी : खपली म्हणे! अहो, ती एवढी विचारायला आलीय, धड उत्तर द्या. आणि ती प्राणवायूची नळी सरकलीय नाकातून. नीट करा आधी.

दादा : नळी ठीक आहे. तूच सरक जरा. खिडकी झाकून उभी आहेस.

धाकटी : दादा, मला वहिनींनी सांगितलं. रविवारी.

दादा : काय सांगितलं?

वहिनी : जे डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं. उपासना संपली, चर्चच्या बाहेर अख्खी मंडळी हिच्याभोवती. काय गं साक्ष लिहिलीस, नोकरी सोडून निव्वळ लेखणीवर आणि देवावर जगलीस, धन्य आहेस. मी आपली बाजूला उभी, हिची छत्री धरून. माझ्या तोंडातून निघून गेलं.

दादा : काय निघून गेलं ते तरी कळू दे.

वहिनी : की आमच्याकडे ते पुस्तक सहा दिवस वाचलं गेलं. पट्टी लावून. ओळीखाली पट्टी, ओळीवर बोट. ज्या माणसाने उभ्या जन्मात रंगाच्या डब्यावरच्या सूचनेपलीकडे काही वाचलं नाही, तो सहा दिवस तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसला होता.

दादा : बहिणीचं पुस्तक आहे. वाचू नये?

वहिनी : वाचा ना, कोण नको म्हणतंय! पण वाचून संपल्यावर परत पहिल्या पानावर कशाला गेलात? मग शेवटचं पान. मग ते बारीक अक्षरातलं, छापखान्याचा पत्ता असतो ते. मग पुठ्ठ्याची आतली बाजू. मी तिथेच बसून कांदा चिरत होते, मला काय दिसत नव्हतं? विचारलं, चष्मा हरवलाय का पुस्तकात? तर म्हणे, काही नाही, बांधणी बघतोय.

दादा : बांधणी चांगली आहे.

धाकटी : दादा, तू तुझं नाव शोधत होतास.

(दादा नाकातली नळी नीट करतो. कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घरघरतंय.)

दादा : हो. शोधत होतो. झालं समाधान?

धाकटी : मला समाधान कशाचं होणार? दादा, पण तूच... तूच मला दर महिन्याला सांगायचास ना. पाकीट हातात ठेवलं की तुझं एकच वाक्य. 'माझे आभार मानू नकोस, देवाचे मान.' मी तोंड उघडायच्या आत तू हात वर करायचास. एकदा मला रडू फुटलं तर पाणीसुद्धा न पिता जिना उतरून गेलास. नऊ वर्षं, दादा. नऊ वर्षं मी तेच ऐकलं आणि पुस्तक लिहायला बसले तेव्हा तेच केलं. देवाचे मानले.

दादा : बरोबरच केलंस.

वहिनी : अगदी बरोबर! पैसा, लिखाण आणि उपकार, तीनच गोष्टींवर अख्खं पुस्तक. 'मी कचेरी सोडली आणि तरी मला दर महिन्याला पुरेसं मिळत गेलं. कुठून? वरून.' पाठ झालंय मला. वरून! खरंच आहे म्हणा. हा माणूस शिडीवर उभा होता, वरूनच येणार.

दादा : हसवू नकोस गं. खोकला येतो... आला बघ.

वहिनी : पाणी घ्या. सावकाश. घोट घोट.

धाकटी : वहिनी, तुम्हाला टोचायचं असेल तेवढं टोचा. मी ऐकून घेईन. पण आधी पान ऐका माझं. काल दिवसभर बसून लिहिलंय. दादा, वाचू?

दादा : वाच. तू न वाचता थोडीच जाणार आहेस?

धाकटी : 'भिंतीवर पहिला हात अस्तराचा असतो. तो कुणाला दिसत नाही. पण त्याच्यावाचून वरचा रंग धरत नाही. माझ्या शब्दांच्या खालीही असाच एक हात आहे, ज्याला आयुष्यभर टर्पेंटाईनचा वास येत राहिला. त्या हाताने...'

दादा : थांब, थांब, थांब.

धाकटी : काय झालं?

दादा : अस्तराचे दोन हात मारतात. एका हातात भागवतो तो चोर. आणि अस्तर दिसू नये म्हणूनच असतं, त्यात डोळ्यांत पाणी आणण्यासारखं काय आहे? मला भिंतीत चिणू नकोस, बाई.

वहिनी : मला तर आवडलं ते टर्पेंटाईनचं. त्या वासात एकतीस वर्षं झोपलेय मी.

दादा : नको मला ते पान.

धाकटी : तुला लिहिलेलं आवडलं नसेल तर साधं करते. दोन ओळींत. नुसतं नाव आणि 'यांच्यामुळे'.

दादा : तसंही नको.

धाकटी : पण तू शोधत होतास!

दादा : म्हणूनच नको. ऐक. मी इथे पडल्या पडल्या विचार करतो, दुसरा धंदा काय मला? मला वाटायचं, मी देवाला देतोय. तुझ्या हातात ठेवलं तरी त्याच्याच हातात ठेवतोय. गुपचूप. उजव्या हाताचं डाव्याला न कळता. फार बरं वाटायचं त्याचं. पाकीट देऊन तुझा जिना उतरताना असं हलकं वाटायचं की पायऱ्या मोजायचो नाही. आणि मग पुस्तक आलं, आणि मी काय केलं? नाव शोधलं. म्हणजे मी देत नव्हतो गं. मी गुंतवत होतो. व्याज आलं नाही तसा जीव खट्टू झाला.

धाकटी : माणूस आहेस तू. माणसाला वाटतं.

दादा : वाटतं, ते मला ठाऊक आहे. पण डॉक्टरने दोन महिने सांगितलेत. फार तर. आता जाताना हातात काही हवं की नको? आयुष्यभर भिंती रंगवल्या. पाच वर्षं झाली की दुसरा येतो आणि माझं काम खरवडून काढतो. त्यातलं काय दाखवू? तुला दिलेलं तेवढं एक होतं. ते मी वर नेणार होतो. त्याच्यावर तू आता माझं नाव छापलंस की संपलं. मजुरी मिळाली. गडी मोकळा.

धाकटी : आणि मी? तुला रिकाम्या हातांनी जायची भीती वाटते, मला भरल्या हातांनी मागे राहायची वाटते. पुढच्या महिन्यात मंडळी माझा सत्कार करतेय, दादा. कशासाठी, तर कृतज्ञता शिकवली म्हणून! ज्याने दिलं त्याचं नावही न घेता उपकारांवर पुस्तक लिहिणारी बाई मी. शिकवतेय!

वहिनी : सत्काराला काय, जा की. पहिल्यांदा थोडीच होतोय? मासिकाचं पहिलं मानधन आलं तेव्हाही झाला होता.

धाकटी : तो सत्कार नव्हता, वहिनी.

वहिनी : मग काय होतं? पाकीट जसंच्या तसं दानाच्या पिशवीत टाकलंस. सगळ्यांदेखत. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले, ह्यांची छाती फुगली. मी मागच्या बाकावर बसलेले. माझ्या मनात आपलं इतकंच, चला, निदान या महिन्याचं तरी आमच्याकडून जाणार नाही. कसलं काय! पहिल्या तारखेला हे निघाले आपले तुझ्या जिन्याकडे.

धाकटी : पहिलं फळ देवाचं, असं आईने शिकवलं होतं आपल्याला. मी ते श्रद्धेने केलं.

वहिनी : श्रद्धेनेच केलंस गं. मी कुठे खोटं म्हणतेय? तू पुस्तकात लिहिलंयस ना, लिहिणं ही वरून मिळालेली देणगी आहे. असेल. देणगी तुला मिळाली, पावती मात्र आमच्या नावाने फाडली गेली.

दादा : पुरे आता. ती आपल्या घरी आलीय.

वहिनी : बरं. पुरे.

दादा : शाई, इकडे बघ. नावाचं सोड. तुला माझ्यासाठी खरंच काही करायचं असेल तर एक ओळ काढ पुस्तकातून.

धाकटी : कुठली?

दादा : पान एकोणचाळीस. खालून तिसरी.

वहिनी : ती पट्टी अजून तिथेच आहे खुणेला. हे घे.

धाकटी : 'या नऊ वर्षांत मी कुठल्याही माणसापुढे हात पसरला नाही.' ही?

दादा : हीच.

धाकटी : दादा, ही ओळ... अरे, या ओळीवर पाळकसाहेबांनी अख्खं प्रवचन दिलं. लोक भेटले की हीच म्हणून दाखवतात. एका बाईंनी तर स्वयंपाकघरात लिहून चिकटवलीय.

दादा : म्हणून तर सांगतोय. खोटी आहे ती.

धाकटी : खोटी कशी? मी तुझ्याकडे कधी मागितलं? तू आपणहून देत होतास.

दादा : शाळेच्या इमारतीचं काम चाललं होतं माझं. व्हरांड्याचं छत. मी लाकडी घोड्याच्या फळीवर उभा, मान वर. खालून कुणीतरी दादा म्हणालं. बघतो तर तू. भर दुपारी, कचेरीची पिशवी खांद्याला. मी म्हटलं, बाजूला हो, थेंब पडतील. तू हललीच नाहीस. म्हणालीस, दादा, आज नोकरी सोडली. मला लिहायचंय. दोन महिने सांभाळशील का? आणि तुझा हात वर होता, असा. माझ्या पायापर्यंत पोचत होता. त्याच्यावर डिस्टेंपरचे ठिपके पडत होते आणि तुला त्याचं भान नव्हतं.

धाकटी : मला नाही आठवत असं काही.

दादा : मला आठवतं.

धाकटी : नाही, दादा, मी तुला रविवारी घरी सांगितलं होतं, नोकरी सोडल्याचं. जेवताना. मला वाटतं तू म्हणालास की... थांब. पांढरा रंग होता?

दादा : छताला पांढराच मारतात.

धाकटी : माझ्या निळ्या स्वेटरच्या बाहीवर पांढरे ठिपके होते. कधी निघालेच नाहीत. मी म्हणायचे, कुठल्यातरी कामाखालून गेले असेन.

वहिनी : गेलीच होतीस की.

धाकटी : दादा, मी विसरले रे. मुद्दाम नाही. खरंच विसरले. ती ओळ लिहिता लिहिता आली. मी मोठ्याने वाचून बघितली, कानाला चांगली वाटली, ठेवली. खरी आहे का, हे तिला मी विचारलंच नाही.

दादा : तुझी जुनी खोड आहे ती. शाळेत निबंध लिहिला होतास, माझा कुत्रा मेला म्हणून. आपल्याकडे कुत्रा कुठला? बाई बिचाऱ्या रडत घरी आल्या, आईचं सांत्वन करायला. आईला वाटलं आपणच मेलोय की काय.

धाकटी : आईने मला बदडलं होतं.

दादा : हो, आणि बाईंनी पैकीच्या पैकी दिले होते. तिथेच बिघडलीस.

वहिनी : कुत्र्याचं ठीक आहे. तो नव्हताच. हे तर होते.

धाकटी : हो. हा होता.

दादा : मागितलंस यात लाज कसली, शाई? तुला माहीत नाही मला त्या दिवशी काय झालं होतं. माझ्याकडे आयुष्यात कधी कुणी काही मागितलं नव्हतं. लवकर आटपा, फरशीवर सांडू नका, एवढंच काय ते. तू आमच्या घरातली शिकलेली. बोटं कायम शाईने माखलेली, म्हणून तर शाई म्हणतो तुला. आणि तू कुणाकडे आलीस? माझ्याकडे. मी ते छत तीन हात मारून दिलं त्या दिवशी, दोनाचे पैसे घेऊन. नाव नाही मिळालं त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तू ते मागणंच पुसून टाकलंस, ते मला फार लागलं.

धाकटी : दोन महिने म्हणाले होते मी.

दादा : हो. तुझ्या दोन महिन्यांचा मला तेव्हाच भरवसा नव्हता.

धाकटी : नऊ वर्षं कसं जमवलंस? मी कधी विचारलंसुद्धा नाही तुला. पाकीट घेत गेले आणि वर बघत गेले.

दादा : कामं मिळत गेली.

वहिनी : सांगू मी?

दादा : गप्प बस.

वहिनी : नाही बसणार. पुष्कळ बसले. शाई, तुझ्या चौथ्या वर्षी घरमालकाने तुझं भाडं वाढवलं, आठवतंय? त्याच वर्षी तू लिहिलेलं सगळं फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस.

धाकटी : आठवतं. मी तुमच्याकडे येऊन सांगितलं होतं, की आता खरं पुस्तक सापडलं.

वहिनी : तुला पुस्तक सापडलं आणि यांना कपाटांचा कारखाना सापडला. फवाऱ्याने रंग मारायचं काम. भिंतीच्या दुप्पट मिळायचे. बंद शेड, सगळ्या खिडक्या लावलेल्या, ओल्या रंगावर धूळ बसायला नको म्हणून. कपाटांची एवढी काळजी! आत माणूस, तोंडाला नुसता रुमाल. तीन वर्षं. घरी येऊन मोरीत थुंकायचे ती थुंकी एक दिवस हिरवी, एक दिवस लाल. मला हाका मारून दाखवायचे. ये गं, बघ, आज कुठल्या रंगाची कपाटं होती.

धाकटी : दादा, डॉक्टर म्हणाले ते...

दादा : तीस वर्षांची घासकामाची धूळ आहे ती. पॉलिश पेपरची. एकट्या फवाऱ्याला कशाला दोष?

वहिनी : डॉक्टरने पहिला प्रश्न काय विचारला? बंद जागेत फवारा मारलाय का कधी? हेच ना? मी तिथेच होते. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, नाही म्हणून. मी म्हटलं, हो.

धाकटी : मी त्या तीन वर्षांत रोज सकाळी प्रार्थना करायचे. की माझं पुस्तक होईपर्यंत पुरव म्हणून.

दादा : मग? पुरवलं की नाही?

धाकटी : असं नको ना बोलूस! पुस्तकाचे पैसे आलेत थोडे. अजून येतील. आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, मोठ्या. हे यंत्र केवढं खरखरतंय, चांगलं घेऊ. तू माग की माझ्याकडे काहीतरी!

दादा : फुप्फुसं दुकानात मिळत नाहीत, राणी. मिळत असती तर मागितली असती, खरंच.

धाकटी : वहिनी, मी दर रविवारी तुमच्याकडे जेवत होते. त्या तीन वर्षांतसुद्धा. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.

वहिनी : बोलायचं नाही असा हुकूम होता. गुपचूप द्यायचं असतं ना! यांचं देणं गुपचूप, तुझं घेणं गुपचूप, मग माझं कुढणंही गुपचूप. मागच्या बाजूला एक खोली काढायची होती मला. विटा येऊन पडल्या होत्या. जा, बघून ये मागे, शेवाळ धरलंय त्यांना. मला कुणी विचारलं का? आणि मी काही संतीण नाही हो तुमच्यासारखी. दर महिन्याला बडबडले. पाकीट भरताना भांडी आपटली. म्हणजे मीही दिलंच, पण कुरकुरत. आणि कुरकुरत दिलेलं तिकडे धरत नाहीत म्हणे.

दादा : असं कोण म्हणालं तुला?

वहिनी : तुम्हीच म्हणाला होतात. भांडी आपटली तेव्हा.

दादा : म्हणालो असेन.

वहिनी : आणि खरं सांगू? हिला मी कशाला बोल लावू? हिने तुमच्याकडूनच उचललंय. लग्नाला एकतीस वर्षं झाली. रोज दोन वेळा ताटापुढे बसून डोळे मिटता. 'हे प्रभू, हे अन्न तू आमच्यापुढे ठेवलंस, तुझे उपकार.' त्याने ठेवलं? मी ठेवलं. वाढायला समोर उभी असते मी. आमेन म्हणता, डोळे उघडता आणि थेट ताटाकडे. तुमचं नाव एका पुस्तकात नाही, तर सहा दिवस पट्टी फिरवलीत. मी कुठल्या पानावर शोधायचं?

धाकटी : वहिनी...

वहिनी : काही नाही. बोलून गेले. सूप तापत ठेवलंय, उतू जाईल.

दादा : थांब. जाऊ नकोस. तू कधी बोलली नाहीस हे.

वहिनी : बोलून मिळवायचे, तर ते आभार कसले?

दादा : मला वाटायचं, तू त्यात आलीसच.

धाकटी : मला पण तेच वाटलं होतं, दादा. देवाचं नाव घेतलं की तू त्यात आलासच.

दादा : हं.

वहिनी : वाजतोय तुझा फोन. कधीचा वाजतोय, घे.

धाकटी : हॅलो... हो, मीच बोलतेय. नाही, सुरुवातीचं पान नको. नको म्हणजे नकोच, विचार बदललाय. पण आत एक ओळ बदलायचीय... हो, आत्ताच. पान एकोणचाळीस, खालून तिसरी... हो, तीच. मला ठाऊक आहे सगळ्यांना आवडते ते... किती? बरं. थांबा दोन मिनिटं, फोन ठेवू नका.

दादा : काय म्हणतायत?

धाकटी : काढता येईल, पण तिथे तेवढ्याच लांबीची दुसरी बसवायला हवी. नाहीतर पुढची सगळी पानं सरकतील.

दादा : माझं नाव नको.

धाकटी : नाव नाही घालत. 'या नऊ वर्षांत मी...' काय लिहू? 'मी एका प्रेमळ छायेखाली...'

वहिनी : परत कुत्रा मेला हिचा!

दादा : झालं ते लिही ना सरळ. काय झालं?

धाकटी : हात पसरला. 'या नऊ वर्षांत मी भावाच्या घरापुढे हात पसरला.' घर म्हटलं की त्यात वहिनी...

वहिनी : त्यात आलीच?

धाकटी : नाही. चुकलं. थांबा. 'या नऊ वर्षांत मी भावापुढे आणि वहिनीपुढे हात पसरला.'

दादा : बसेल तेवढ्यात?

धाकटी : हॅलो... घ्या लिहून. 'या नऊ वर्षांत मी भावापुढे आणि वहिनीपुढे हात पसरला.' पूर्णविराम. नाही, पुढे काही नाही, संपली... बसते? एखादं अक्षर इकडेतिकडे? चालेल... हो. हो, आधीची जास्त चांगली होती, मलाही माहीत आहे. हीच घ्या.

वहिनी : आता त्या स्वयंपाकघरात चिकटवणाऱ्या बाईंचं काय होणार?

धाकटी : काढतील. आणि सत्कारही बहुतेक राहून जाईल. ही ओळ वाचून कोण धन्य म्हणणार आहे मला?

दादा : त्याचं वाईट वाटतंय?

धाकटी : वाटतंय. खोटं कशाला सांगू? थोडं वाटतंय.

दादा : चल, म्हणजे आपण दोघं सारखेच. मी तुला सांगत होतो ना, मजुरी नको म्हणून. आणि आत्ता तू भावापुढे म्हणालीस तर केवढं बरं वाटलं मला. संपलं सगळं. आता वर जाऊन दाखवायला काही उरलं नाही.

वहिनी : मग रिकामे जा. सगळे तसेच जातात. आणि दाखवायचं कुणाला? त्याला दिसलं नसेल होय? त्याला काही पट्टी लावून पुस्तक वाचावं लागत नाही. सूप आणते मी.

धाकटी : दादा, तुझे हात किती गार आहेत.

दादा : असतात हल्ली. धरून ठेव जरा. आणि हे बघ, मी गेल्यावर माझ्यावर लिहिशीलच तू, मला माहीत आहे. लिही. पण लिहिलेलं हिला आधी वाचून दाखव. ही कुत्रा बरोबर ओळखते.

धाकटी : दाखवीन. आणि रविवारी येत जाईन. तू... नंतरसुद्धा.

दादा : नंतर भांडी तू घास.

वहिनी : कोण भांडी घासतंय? सरका वर. उशी लावते पाठीला. आज चार चमचे तरी जायला पाहिजेत, काल दोन घेतलेत. शाई, तो टॉवेल दे इकडे.

धाकटी : दादा, प्रार्थना मी करते. तुला दम लागतोय.

दादा : नाही. मी करतो. 'हे प्रभू...' थांब, श्वास घेऊ दे. 'हे प्रभू, हे अन्न...'

वहिनी : अहो, डोळे मिटा की.

दादा : असू देत.

वहिनी : उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करतं का कुणी? माझ्याकडे काय बघताय असे?

दादा : 'हे अन्न... हिने... आमच्यापुढे...'

वहिनी : सावकाश म्हणा. गार झालं तर परत तापवीन मी.